रेडिफ, रॅडिफ आणि मागाहून सुचलेली व्युत्पत्ती

व्याकरण शिकवताना समासाचा विग्रह हा माझा आवडीचा भाग. शब्द आधी जन्मतो, त्याची फोड आपण मागाहून करतो. फोड आधी ठरली आणि मग त्यातून शब्द जुळवला, असं कोणी सांगू लागलं की माझ्या भुवया वर जातात. आपल्याकडे डोमेन नेमवरून जे पहिले मोठे खटले झाले त्यांची हकिकत वाचताना दिसलं की न्यायाधीशांच्या भुवयाही तशाच वर गेल्या होत्या!

हा विषय काढायला कारणही तसंच आहे. आपल्या नात्यातली दोघं-तिघं सध्या आपापल्या धंद्याची संकेतस्थळं काढायच्या बेतात आहेत. "नाव मोकळं होतं, घेऊन टाकलं" असं मोठ्या उत्साहाने सांगतात. मंडळी, नाव मोकळं असणं आणि ते आपलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन विकणारी कंपनी एवढंच बघते की हेच्या हेच नाव आधी कोणी घेतलेलं नाही ना. पहिला येईल त्याला मिळेल, असा सरळ हिशोब. त्या नावाशी मिळतंजुळतं नाव दुसऱ्या कोणी वीस वर्षं खपून कमावलंय का, हे बघणं तिचं काम नाही.

पूर्वी ही भानगड कमी होती. पुण्यात एक 'गणेश स्टोअर्स', नागपुरात दुसरं, आणि दोघांची कधी गाठ पडायची नाही. महाजालावर मात्र एका पत्त्यावर एकच दुकान, आणि ते अख्ख्या जगाला उघडं.

१९९९ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयापुढे 'याहू' कंपनी आली. कोणीतरी 'याहूइंडिया डॉट कॉम' असं नाव घेऊन तशाच सेवा द्यायला सुरुवात केली होती. (आपल्या पिढीला याहू म्हटलं की १९६१ च्या 'जंगली'तला शम्मी कपूरच आठवणार. गंमत म्हणजे हाच शम्मी कपूर आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या इंटरनेटवेड्यांपैकी एक.) समोरच्या बाजूचे मुद्दे तसे वजनदार होते. याहूचा ट्रेडमार्क तेव्हा भारतात नोंदलेला नव्हता. १९५८ चा कायदा मालापुरता, सेवांना तो लागूच नव्हता. शिवाय 'याहू' हा शब्दकोशातला शब्द, जोनाथन स्विफ्टने १७२६ च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधल्या रानटी प्राण्यांना दिलेलं नाव. तेव्हा त्यावर मालकी कसली? आणि इंटरनेट वापरणारी माणसं शिकलेली असतात, ती फसणार नाहीत.

न्यायालयाने यातलं काहीच मानलं नाही. नोंदणी नसली तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, हे जुनं तत्त्व आहेच. वकिलांच्या भाषेत त्याला 'पासिंग ऑफ' म्हणतात. कोशातला शब्दही वापराने एखाद्याची ओळख बनू शकतो. आणि इंटरनेटवर येणारा प्रत्येक जण जाणकार असतो असं थोडंच आहे? हे शेवटचं मला फार पटलं.

दोनच महिन्यांनी, एप्रिल १९९९ मध्ये, आपल्या मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ'चा निकाल लागला. न्यायमूर्ती होते अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे. प्रतिवाद्यांनी नाव घेतलं होतं 'रॅडिफ'. इंग्रजीत लिहिलं तर फरक एका स्वराचा. आणि त्यांचा खुलासा काय? 'रॅडिकल'ची पहिली तीन अक्षरं, 'इन्फर्मेशन'चं एक, 'फ्यूचर'चं एक आणि 'फ्री'चं एक. वा! सातवीतल्या मुलाने निबंध उतरवला आणि "बाई, आमचे विचारच जुळले" म्हणाला, तर आपण जेवढा विश्वास ठेवू तेवढाच न्यायालयाने ठेवला. रेडिफच्या नावलौकिकावर आयता फायदा उकळण्यासाठीच हे नाव घेतलं, असा निष्कर्ष निघाला. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळालं पाहिजे, हेही या निकालात स्पष्ट झालं.

मग २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात 'सिफी'. सत्यम इन्फोवे कंपनीने स्वतःच्या नावातली अक्षरं जोडून हा शब्द घडवला आणि १९९९ पासून 'सिफीनेट' वगैरे डोमेन घेतली. २००१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने 'सिफ्फीनेट' घेतलं, मध्ये एक 'एफ' जास्त. खुलासा पुन्हा तोच: पाच प्रवर्तकांची आद्याक्षरं! बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने सत्यमला मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो फिरवला. दोघांचे धंदे वेगळे, मग गोंधळ कसला, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं नाही आणि आद्याक्षरंही पटली नाहीत. एकाला शोधणारा माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो, हेच नुकसान. डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी पासिंग ऑफ लागू आहे, असं ६ मे २००४ रोजी ठरलं. (सत्यमचं नाव २००९ च्या घोटाळ्यात बुडालं, सिफी मात्र अजून तरंगतंय.)

तिन्ही ठिकाणी न्यायालयांनी ऐकणाऱ्याचा कान महत्त्वाचा मानला. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं हे दुय्यम. अर्धवट आठवणीवर चालणारं सामान्य माणूस काय समजेल? म्हणून डोमेनचे पैसे भरण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे आणि त्यात उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. स्पेलिंग बदलून पळवाट सापडली असं वाटत असेल, तर हा उच्चाराचा शोध आधी करा. नोंद नसलेली पण बाजारात चालणारी नावंही बघा. याहूचं नाव कुठे नोंदलेलं होतं?

"पण मी माझं आडनावच घेतलं तर?" असं भाचीने विचारलं. प्रश्न खरा आहे. याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. नॉर्थ कॅरोलिनात उझी निसान नावाचे गृहस्थ संगणकांचा धंदा करायचे. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचं 'निसान डॉट कॉम' घेतलं. १९९९ च्या डिसेंबरात मोटारवाल्या निसान कंपनीने त्यांच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. इथे आद्याक्षरांची कसरत नव्हती, बापजाद्यांकडून आलेलं नाव होतं. तरीही कोर्टकचेरीत जवळजवळ आठ वर्षं गेली. निसान साहेब २०२० मध्ये करोनाने वारले, तेव्हा ते डोमेन त्यांच्याच नावावर होतं.