बांधणीही सोर्सच

सोर्स कोड खुला झाला की प्रोग्राम सर्वांचा झाला, असे आपण सहज म्हणतो. पण तो कोड कम्पाइल करून चालता करायला लागणारी माहिती बहुधा लिहिणाऱ्याच्या संगणकातच राहते: कोणती लायब्ररी, तिची कोणती आवृत्ती, कोणती हेडर फाइल. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले आणि कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे नोंदवायची सोय झाली. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण काम तिथेच अडते. फेल्डमन यांना हा दोष लवकरच कळला होता. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून तो तसाच राहिला.

बांधणीतली ही सगळी अडचण म्हणजे प्रोग्रामरांची बेफिकिरी, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. ऐंशीच्या दशकात सन, एचपी, आयबीएम यांची युनिक्स वेगवेगळी होती. एकीकडे असलेले फंक्शन दुसरीकडे नसे. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झी यांच्यापुढे १९९१मध्ये हाच पेच होता: वापरणाऱ्याला मेकफाइलमध्ये वीसेक पर्याय स्वतः निवडावे लागत. त्यातून ऑटोकॉन्फ जन्मले. त्याची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट एखादे फंक्शन आहे का हे तपासायला चार ओळींचा सी प्रोग्राम लिहिते आणि तो कम्पाइल होतो का ते पाहते. तर्क करण्यापेक्षा करून पाहण्याची ही रीत अस्सल आहे. त्याच वर्षी जीएनयूच्या जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीने संपूर्ण सोर्स कोडच्या व्याख्येत कम्पाइल आणि इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टही घातल्या. बांधणी हा सोर्सचाच भाग आहे, हे परवान्यानेही मान्य केले.

आता डेबियनसारखी लिनक्स वितरणे तयार पॅकेज देतात, मग कम्पाइल करतो कोण? वितरणाचे स्वयंसेवक करतात. अडचण त्यांच्याकडे गेली, एवढेच. आणि आपण तिच्याकडे बघायचे सोडले. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममधला छुपा दरवाजा सापडला, तो आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले म्हणून. त्या दरवाजाला वाट करून देणारी ओळ सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. ती फक्त टारबॉलमधल्या, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यातल्या, एका एम४ फाइलमध्ये, ऑटोकॉन्फच्या नेहमीच्या जंजाळात दडलेली होती. एकाच सोर्समधून दरवेळी तंतोतंत तीच बायनरी निघावी, यासाठी डेबियनमध्ये २०१३पासून मोलाचे काम चालू आहे. पण टारबॉलच दूषित असेल, तर तेच विष पुन्हा तंतोतंत निघेल. म्हणून ताडून पाहायचे ते आणखी एक पायरी आधी, टारबॉल आणि भांडार यांच्यामध्ये.