बाईकचा फोर्क बदलला की नेमकं काय बदलतं? समजून घ्या रेक आणि ट्रेलचं गणित

लांबलचक फोर्कवाल्या चॉपर बाईकचे रील तुम्हीही पाहिले असतील. १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटानं ही स्टाइल जगभर पोहोचवली. पण फोर्क बदलल्यावर फक्त गाडीचं रूप बदलतं का? नाही. गाडी वळते कशी आणि सरळ धावते कशी, हेही बदलतं.

रेक आणि ट्रेल म्हणजे काय?

हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं, तो उभ्या रेषेपासून जितका मागे झुकलेला असतो, तो कोन म्हणजे रेक. हाच अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे पडतो. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. धावत्या गाडीचं पुढचं चाक सरळ राहायला ट्रेल मोठी मदत करतो.

फोर्क लांब केला तर?

समजा, चाकाची त्रिज्या ३१० मिमी, रेक २६ अंश आणि व्हीलबेस १४०० मिमी आहे. हँडलच्या अक्षापासून चाकाचा मध्य ४५ मिमी पुढे आहे. मग ट्रेल साधारण १०१ मिमी येतो. आता फोर्क ५५ मिमी लांब केला, की गाडीचं तोंड सुमारे ५० मिमी उचललं जातं. रेक २८ अंश होतो आणि ट्रेल ११४ मिमी. फ्रेम कापून रेक थेट ४० अंश केला, तर ट्रेल २०० मिमीच्या घरात जातो. अशी गाडी हायवेवर सरळ धावते, पण ट्रॅफिकमध्ये यू-टर्न घेताना हँडल जड होऊन एका बाजूला पडू लागतं.

आखूड फोर्क बसवला तर?

उलटं होतं. रेक आणि ट्रेल कमी होतात. गाडी पटकन वळते, पण वेगात हँडल थरथरण्याचा धोका वाढतो.

'टी' बदलताना सावध!

फोर्क धरून ठेवणारा तिरका 'टी' बसवला, की फोर्क पुढे झुकतो, पण हँडलचा अक्ष तिथेच राहतो. त्यामुळे चाक पुढे सरकून ट्रेल घटतो. गाडी चॉपरसारखी दिसते, पण तिची स्थिरता कमी झालेली असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. अपघात झाला, तर अशा बदलामुळे विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

म्हणून गॅरेजवाल्याला 'कशी दिसेल?' याआधी 'ट्रेल किती राहील?' हे विचारा.