मेलबर्नचे तीन गोल, अर्जुनची यादी

१ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिम्पिकचा उपांत्यपूर्व सामना, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. भारताने तो ४-२ असा जिंकला आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यानेच केला. एकूण चार गोल झाले आणि स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव लागलं. भारत चौथा आला. त्याहून वरचं स्थान आपल्या फुटबॉलला ऑलिम्पिकमध्ये कधीच मिळालेलं नाही.

नेव्हिल मूळचा गोव्याच्या बार्देशातल्या आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि त्याचा खेळ बहरला मुंबईत, टाटा आणि कॅलटेक्सच्या संघांतून. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स करंडक जिंकला. तो काळ कंपन्यांच्या संघांचा होता.

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलचा पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला, पुढच्या वर्षी तुळसीदास बलराम, मग चुनी गोस्वामी. बॅनर्जी आणि बलराम दोघेही मेलबर्नच्या संघातले, त्यांच्या योग्यतेबद्दल प्रश्नच नाही. पण ते वयाने लहान होते, १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत खेळत होते. पुरस्काराची नजर चालू कामगिरीवर होती. ज्याचा बहर पुरस्काराच्या आधीच येऊन गेला, त्याला मोजायला त्या मापात खूणच नव्हती. नेव्हिलला अर्जुन मिळाला नाही, पद्मही नाही. १९८० साली, पन्नाशीही न गाठता तो गेला. निवृत्त खेळाडूंसाठीचा ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तो २००२ मध्ये.

उशीर झाला म्हणून मान देता येत नाही, हे कारण मात्र टिकत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १९५२ साली कांस्यपदक जिंकून आले, १९८४ मध्ये अपघातात वारले आणि अर्जुनच्या २००० सालच्या यादीत त्यांचं नाव मरणोत्तर आलं. दार उघडता येतं. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर १९८३ ते १९८६ भारताचे कर्णधार होते. त्यांना अर्जुन १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली. त्यांच्यासाठी बोलणारं राज्य होतं, क्लब होता, आणि ते स्वतः हयात होते. नेव्हिलच्या बाजूने कोण बोलणार होतं? गाव गोव्यात, खेळ मुंबईत, आणि कॅलटेक्सचा संघ काळाआड गेलेला.

म्हणूनच जुन्या खेळाडूंसाठी निकष वेगळे हवेत. अर्जाची, शिफारशीची वाट न पाहता निवड समितीने स्वतः जुन्या सामन्यांच्या नोंदी काढाव्यात, वर्तमानपत्रं चाळावीत. सुरुवात मेलबर्नच्या संघापासूनच करावी. त्या संघाचे कर्णधार समर बॅनर्जी २०२२ च्या ऑगस्टमध्ये ब्याण्णवाव्या वर्षी वारले. अर्जुन त्यांनाही मिळाला नव्हता.