वेष्टनावर नसलेले नाव

इतिहासाचार्य राजवाड्यांनी आम्हांस एक धडा घालून दिला आहे. बखर वाचावयास गोड, परंतु भरवसा ठेवावा तो समकालीन अस्सल कागदावर. ही कसोटी केवळ मराठ्यांच्या इतिहासालाच लागू पडते असे नाही. अमेरिकेतील रॉक संगीताला ती लावून पाहिली तर काय दिसते? तेथे ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन ही बखर आहे, आणि वादकसंघाचा करारकागद हे दफ्तर आहे.

कॅरोल के यांचे उदाहरण घेऊ. या बाईंचा जन्म १९३५ साली वॉशिंग्टन राज्यातील एव्हरेट येथे झाला. आईवडील दोघेही वादक, घरची मात्र ओढग्रस्त. चौदाव्या वर्षीच बाई गिटारच्या शिकवण्या करू लागल्या; पुढे लॉस एंजलिसच्या क्लबांतून जाझ वाजवू लागल्या. १९५७ साली निर्माते बम्प्स ब्लॅकवेल यांनी त्यांना तेथे ऐकले आणि सॅम कुक यांच्या ध्वनिमुद्रणास बोलाविले. मन जाझमध्ये होते. पण संसार चालवावयाचा होता, आणि स्टुडिओत पैसे अधिक मिळत. १९६३ साली एका मुद्रणास बास गिटारवाला आलाच नाही. बाईंनी ते वाद्य हाती घेतले आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. बीच बॉईजच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’मध्ये त्यांचा बास आहे.

वादकमंडळी असताना भाडोत्री वादक कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. तीन तासांच्या बैठकीत बिनचूक काम उरकावयाचे असे. १९६५ सालच्या बर्ड्‌सच्या ‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ या गाण्यात त्या मंडळींपैकी एकट्या मॅग्विन यांनी वाद्य वाजविले. बाकीची वाद्ये स्टुडिओतील वादकांची होती. वेष्टनावर चित्र मात्र मंडळींचे!

करारकागदावर तारीख, स्टुडिओ, नावे आणि मेहनताना असे. तो कीर्तीसाठी नव्हे, हिशेबासाठी लिहिलेला. म्हणूनच तो विश्वसनीय. तीच ध्वनिमुद्रिका पुढे चित्रपटात वापरली गेली, तर वादकाचे देणे त्याच कागदावरून ठरते. नाव गळणे म्हणजे मान आणि भाकरी दोन्ही गळणे होय.

पण दफ्तराची धार दुहेरी आहे. मोटाउन कंपनीची काही गाजलेली गाणी आपण वाजविली, असे कॅरोलबाईंचे म्हणणे. जाणकार त्यांतील कित्येकांचे श्रेय डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसन यांस देतात. आणि हे जेमरसनही अनामिकच! मोटाउनच्या वेष्टनावर त्यांचे नाव ठळकपणे आले ते १९७१ साली, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. १९८३ साली ते वारले. नावे वेळीच न लिहिल्याने एका उपेक्षिताचा दावा दुसऱ्या उपेक्षितावर येऊन पडला, आणि ज्यांनी लिहावयास हवे होते ते नामानिराळे राहिले. आमच्या मते या इतिहासातील खरा अन्याय हाच आहे.

२०२५ साली रॉक संगीताच्या कीर्तिमंदिराने कॅरोलबाईंची निवड केली. बाईंनी तो मान नाकारला. स्टुडिओतील वादकांच्या कामाचे खरे स्वरूप त्या सोहळ्यात उमटत नाही, असे त्या म्हणाल्या. हारतुरे उशिरा आले तरी चालतात. नोंद मात्र त्याच दिवशी झाली पाहिजे.