गाठीला पैसा की कणगीत धान्य?

संकटकाळाची तरतूद आपल्याकडे पूर्वी दोन प्रकारांनी केली जाई. कणगीत किंवा पेवात धान्य, आणि डब्याच्या तळाशी चार नोटा. यातले अडचणीच्या वेळी जास्त उपयोगी काय पडते? प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलतो, बाकीच्या तशाच ठेवतो आणि काय होते ते पाहतो. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. पण इतिहासात असे काही प्रसंग घडून गेले आहेत की त्यांच्याकडे प्रयोग म्हणून पाहता येते. त्यांपैकी चार आपण तपासून पाहू.

पहिला प्रसंग जर्मनीतला. पहिल्या महायुद्धापूर्वी एका अमेरिकी डॉलरला ४.२ मार्क मिळत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. खर्च भागवण्यासाठी सरकार नोटा छापत राहिले होते. जन्मभराची बचत एका पावालाही पुरेना. शेतकरी नोटा घेऊन बटाटे द्यायला तयार नसत, म्हणून शहरातले लोक घरातल्या वस्तू घेऊन खेड्यांत जात. इथे पैसा हरला, वस्तू जिंकली.

मग वस्तूच साठवाव्यात का? दुसरा प्रसंग पाहू. दुसऱ्या महायुद्धात आर. ए. रॅडफर्ड हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जर्मनांच्या कैदेत होता. छावणीतल्या व्यवहारांवर त्याने १९४५ मध्ये लेख लिहिला. प्रत्येक कैद्याला रेडक्रॉसकडून साधारण सारखेच पार्सल मिळे : दूध, जॅम, बिस्किटे, चॉकलेट, सिगारेटी. सुरुवातीला वस्तूंची थेट अदलाबदल होई. पण माझ्याकडे जॅम आहे आणि मला बिस्किटे हवीत, तर बिस्किटे असलेला आणि नेमका जॅमच हवा असलेला माणूस शोधायचा कुठे? हळूहळू सगळ्या वस्तूंचे भाव सिगारेटींत सांगितले जाऊ लागले. न ओढणाराही सिगारेटी घेई, कारण त्या पुढे चालतील याची त्याला खात्री असे. म्हणजे वस्तूंमधूनच पैसा तयार झाला! मात्र हा पैसा जळून जाणारा होता. जवळपास बाँबहल्ले झाले की लोक जास्त सिगारेटी ओढत, पैसा कमी होई आणि भाव उतरत. नवा साठा आला की भाव चढत.

या छावणीत सगळ्यांची सुरुवात सारखी होती. गावात तशी ती नसते. म्हणून तिसरा प्रसंग महत्त्वाचा : १९४३ चा बंगालचा दुष्काळ. कलकत्त्यात तांदळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता. ऑगस्ट १९४३ मध्ये तो ३७ रुपयांवर गेला. मजुरी त्या मानाने वाढलीच नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात या दुष्काळाचे विश्लेषण करताना एक साधा प्रश्न विचारला : मेले ते कोण? शेतमजूर, कोळी, कारागीर, हमाल. ज्या बटाईदारांना पिकाचा वाटा धान्यात मिळे, ते रोख मजुरीवर जगणाऱ्यांपेक्षा जास्त तगले. मग वस्तू पुन्हा जिंकली म्हणायचे का? तसेही नाही. कोळ्याकडे मासळी होती, पण मासळी देऊन मिळणारा तांदूळ रोज कमी होत गेला. त्यातच जपानी सैन्य येईल या भीतीने सरकारने १९४२ मध्ये किनाऱ्याकडच्या मोठ्या नावा काढून घेतल्या होत्या. न्हाव्याचे कसब तर कुठेच गेले नव्हते. पण केस कापणे पुढे ढकलता येते, जेवण ढकलता येत नाही. या दुष्काळाने २० ते ३० लाख माणसे नेली.

चौथा प्रसंग आपल्या घरचा आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली पिके गेली. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामे काढली आणि मजुरी मुख्यतः रोख दिली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. बंगालमध्ये हरलेला पैसा इथे उपयोगी पडला, कारण मजुरांच्या हातात तो होता म्हणून बाहेरच्या राज्यांतले धान्य इकडे आले. हाल पुष्कळ झाले, पण बंगालसारखा मृत्यूचा थैमान टळला. यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पैसा किंवा वस्तू यांना स्वतःची अशी ताकद नसते. आपल्याजवळचे देऊन उद्या किती धान्य मिळेल, हा दर खरा महत्त्वाचा. संकट एका भागापुरते असेल आणि बाहेर धान्य असेल, तर पैसा ते खेचून आणतो. पैशावरचा विश्वासच उडाला, किंवा भाव मजुरीच्या आवाक्याबाहेर गेले, तर कणगीच तारते. म्हणून शहाणे घर दोन्ही थोडेथोडे ठेवते. पण ज्याच्याकडे कणगीही नाही आणि नोटाही नाहीत, त्याच्याजवळ विकायला फक्त श्रम असतात. त्या श्रमांचे धान्य होईल याची हमी कोणा एका घराला देता येत नाही. ती समाजानेच द्यावी लागते.

शिक्षकांनी वर्गात एक काम जरूर द्यावे. १९७२ साली दुष्काळी कामावर गेलेली माणसे गावात असतील. दिवसाच्या मजुरीत तेव्हा किती ज्वारी येई, हे मुलांनी त्यांना विचारावे. आज किती येते, हे दुकानात विचारावे. आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.