अभयदानाचे पुढचे पाऊल : पंगू श्वान-मार्जारांच्या शुश्रूषेचा इतिहास

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने श्रावकाच्या नित्य परिचयाची आहेत. मुक्या प्राण्यांसाठी आपल्या समाजाने जे कार्य केले, त्याचा इतिहास या चार दानांच्या आधारे वाचता येतो. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्या इतिहासाचे, विशेषतः पंगू झालेल्या कुत्र्या-मांजरांना पुन्हा पायांवर उभे करण्याच्या विद्येचे, सिंहावलोकन करणे उचित ठरेल.

विवाहासाठी निघालेल्या नेमिकुमारांनी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि रथ माघारी वळविला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ज्या गिरनारावर भगवान नेमिनाथांचे निर्वाण झाले, त्याच्याच पायथ्याशी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत. त्यांतील दुसऱ्या लेखात माणसांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचा व औषधी वनस्पती लावल्याचा उल्लेख आढळतो. पशूची चिकित्सा हे राजाचे कर्तव्य आहे, ही जाणीव या भूमीत इतकी प्राचीन आहे.

श्वानाविषयीची करुणाही आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाही. वादीभसिंहसूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त जीवंधरकुमार मारहाणीने मरणोन्मुख झालेल्या एका कुत्र्याला पंचनमस्कार मंत्र ऐकवितात आणि तो जीव यक्षयोनीत जन्म घेतो. त्या देहाला वाचविण्याचा उपाय उरला नव्हता. कुमारांनी त्याच्या आत्म्याची काळजी वाहिली.

अर्वाचीन काळात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो मुंबईत. १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरात मोठा क्षोभ उसळला. त्यात पारशी बांधव अग्रभागी होते. अन्य समाजांचे लोकही सामील झाले. बाजार बंद पडले आणि गोऱ्या पलटणीचा अन्नपुरवठाही अडला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि आपल्या समाजाचे अग्रणी शेठ मोतीचंद अमीचंद तथा मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पालिताण्याची मोतीशा टूंक ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे मोतीशा शेठ. पांजरापोळीने मुक्या जिवांना अभय दिले व आहारही दिला. दोन दाने साधली.

तिसरे दान औषधाचे. मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. पुढे पेटिट घराण्याच्या दातृत्वातून परळ येथे बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच्या सान्निध्यात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जखम शिवणे, हाड बसविणे, रोगावर औषध देणे या गोष्टी शक्य झाल्या. तथापि हाड जुळले म्हणजे प्राणी चालू लागतोच असे नाही. वाहनाच्या धडकेने किंवा मणक्यांमधील चकती सरकल्याने ज्याचे मागचे पाय लुळे पडले, असा कुत्रा शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ पडून राहतो. न वापरलेले स्नायू झपाट्याने झिजतात, सांधे आखडतात आणि एकाच कुशीवर पडून राहिल्याने व्रण होतात.

माणसांच्या बाबतीत या अडचणीवर भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, हा मार्ग निघाला. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक आणि पोलिओग्रस्त बालके यांच्या शुश्रूषेतून त्या विद्येची झपाट्याने वाढ झाली. भारतात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडविला. १९७५ मध्ये श्री. देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीरांच्या नावाने विकलांग साहाय्यता समिती स्थापून तो गोरगरिबांपर्यंत पोहोचविला. चालण्याची शक्ती परत देणे हेही दानच होय, हे त्या कार्याने समाजाला पटवून दिले.

हीच दृष्टी पुढे प्राण्यांकडे वळली. १९९९ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पशूंच्या भौतिकोपचारावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २००४ मध्ये मिलिस, लेव्हिन व टेलर यांचा श्वानांच्या पुनर्वसनावरील पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला आणि २०१० मध्ये तेथे या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला.

या उपचाराची तत्त्वे साधी आहेत. आरंभी सांधे हलक्या हाताने वाकवून सरळ करणे, मऊ अंथरुण देणे आणि दर काही तासांनी कूस बदलणे. मग पोटाखाली कापडी पट्टा घेऊन उभे करणे आणि थोडी थोडी पावले टाकावयास लावणे. कोमट पाण्यातील चाल विशेष उपयोगी ठरते. पाणी नितंबाच्या सांध्यापर्यंत असता श्वानाच्या पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ३८ टक्केच भार येतो. तेच पाणी गुडघ्यापर्यंत असता सुमारे ८५ टक्के येतो. म्हणून जमिनीवर न पेलणारे पाऊल पाण्यात पडते. मांजराची तऱ्हा वेगळी. बहुतेक मांजरे पाण्याला बुजतात व बळजबरी सहन करीत नाहीत. त्यांच्याकडून खेळ व खाऊ यांच्या आमिषाने, अगदी अल्प वेळ, हालचाल करून घ्यावी लागते. ज्यांचे पाय परत येतच नाहीत त्यांच्यासाठी दोन चाकांची गाडी आहे. मात्र अशा प्राण्याचे मूत्राशय हाताने रिकामे करण्याची शिकवण सेवकाला द्यावीच लागते.

येथे आपणास आत्मपरीक्षण केले पाहिजे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला अतिचार बांधून ठेवण्याचा सांगितला आहे. पंगू कुत्र्याला आपण मारीत नाही, उपाशी ठेवीत नाही. परंतु फरशीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडू देतो. हेतू करुणेचा असल्याने तो अतिचार ठरत नाही, हे खरे. तरीही त्या जिवाच्या वाट्याला बंधनच येते. असाध्य प्राण्याला मरण देण्याचा मार्ग इतरांनी पत्करला, तो आपण नाकारला. मग त्याचे जगणे सुसह्य करण्याची जबाबदारी इतरांपेक्षा आपल्यावर अधिक आहे.

उरते ते चौथे दान, शास्त्राचे. या कार्याला आरंभीच मोठी यंत्रे लागत नाहीत. पशुवैद्याच्या मार्गदर्शनाखाली शिकलेले दोन हात, गादी, कापडी पट्टा, कोमट पाण्याची टाकी आणि चिकाटी यांतून पुष्कळ साधते. आपल्या पूर्वजांनी मुक्या जिवाला मृत्यूपासून सोडविले. त्याला कोपऱ्यातून उठवून अंगणापर्यंत चालत नेणे, हे आपल्या पिढीचे कर्तव्य होय.

जय जिनेंद्र.