बारमाही थंडाव्याच्या शोधात

उन्हाळ्याची सुटी लागली की नाशिक रोड स्थानकावर पंजाब मेलची वाट पाहणारी कुटुंबे दिसतात. सामानात स्वेटर आणि कानटोप्या असतात. प्रवास सिमला-मनालीचा, म्हणजेच बर्फाचा. अशा वेळी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "आपल्या जवळ एवढा मोठा सह्याद्री आहे; मग बर्फ पाहायला इतक्या लांब कशाला जायचं?" प्रश्न भूगोलाचा आहे. पण त्याचे उत्तर शोधताना आपल्याच परिसराच्या इतिहासाचे एक पान उघडते.

आधी भूगोल पाहू. जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड होते. साधारणपणे दर किलोमीटरला साडेसहा अंश सेल्सिअस. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. नाशिक रोडपेक्षा ते सुमारे १,१०० मीटर उंच आहे. म्हणजे तेथील हवा आपल्याकडच्यापेक्षा सुमारे सात अंशांनी थंड असावी. डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे पारा दहा अंशांवर असेल तर शिखरावर तो तीन अंशांच्या आसपास जाईल. ही थंडी बर्फाच्या अगदी जवळची आहे. मग अडते कुठे?

अडते ते ढगांपाशी. हिवाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. ढग येतात ते पावसाळ्यात, पण तेव्हा शिखरावरही तापमान शून्याच्या पुष्कळ वर असते. थंडी असते तेव्हा ढग नसतात, आणि ढग असतात तेव्हा थंडी नसते. सिमल्याला मात्र पश्चिमी विक्षोभ ऐन हिवाळ्यात बाष्प घेऊन येतात. तेथे दोघांची गाठ पडते आणि बर्फ पडतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी किंवा निफाडच्या शिवारात कधीकधी पहाटे जो पांढरा थर दिसतो, तो आकाशातून पडलेला बर्फ नव्हे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वेगाने गमावते, थंड व जड हवा सखल जागी साचते आणि गवताच्या पात्यावरचे दव तेथेच गोठते.

तेव्हा बर्फ हवा तर तो बाहेरून आणणे भाग होते, आणि तसा तो खरोखरच आणला गेला. अमेरिकेतील बोस्टन येथील व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाच्या जहाजातून गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कलकत्त्यास पाठवला. सुमारे १८० टन बर्फ निघाला. चार महिन्यांच्या प्रवासात दोनदा विषुववृत्त ओलांडूनही सुमारे १०० टन शिल्लक राहिला. लाद्या एकमेकींना चिकटवून रचल्या होत्या. त्यामुळे आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी राहिला आणि बाहेरची उष्णता आत शिरायला वाव कमी उरला. शिवाय भोवती उष्णतारोधक भुशाचे आवरण असे. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, हा बर्फ मुंबईला पोहोचला. तो साठवण्यासाठी मुंबईत खास बर्फघरही बांधले गेले. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार मोडला.

पण पेल्यातला बर्फ काही उन्हाळा घालवू शकत नाही. त्यासाठी डोंगरच गाठावा लागे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याची नजर महाबळेश्वरवर पडली. ते सातारच्या छत्रपतींच्या मुलखात होते. १८२९ च्या करारान्वये छत्रपती प्रतापसिंहांनी महाबळेश्वरचा भाग इंग्रजांना दिला व त्या बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव घेतले. सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या या नव्या वसाहतीला माल्कमपेठ असे नाव पडले.

येथे एक मोठी अडचण निघाली. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जून महिना उजाडला की बंगल्यांच्या भिंतींना गवताची झापे बांधून साहेब मंडळी खाली उतरत. पुढे मुंबई सरकारचा वर्षाचा क्रमच ठरून गेला. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. पुण्यातील गणेशखिंडीचा गव्हर्नरचा प्रासाद, ज्यात पुढे पुणे विद्यापीठ आले, तो या क्रमाचाच साक्षीदार आहे. कागदपत्रांचे गठ्ठे, कारकून, नोकरचाकर, सारे ऋतूंबरोबर फिरत. थंडावा साहेबांच्या वाट्याला येई. ओझी वाहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र घाट येई.

सरकारला हे परवडत होते. पण आजारी माणसाला किंवा शाळेतल्या मुलाला दर चार महिन्यांनी बिऱ्हाड हलवता येत नाही. त्यांना एकाच ठिकाणी बारा महिने राहता येईल अशी जागा हवी होती. ती सापडली महाबळेश्वरच्या पूर्वेस वीसेक किलोमीटरवर, पाचगणीला. तिची उंची महाबळेश्वरपेक्षा जेमतेम शंभर मीटरने कमी, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. जॉन चेसन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वसाहत उभी केली, झाडे लावली. पुढे तेथे निवासी शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. हे सारे केवळ उंचीमुळे झाले नाही. ढग घाटमाथ्यावर चढताना थंड होतात आणि आपले पाणी तेथेच रिते करतात. पलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते. पाचगणी या पर्जन्यछायेच्या उंबरठ्यावर आहे.

आता आपल्या नाशिक रोडकडे येऊ. हीच गोष्ट आपल्या दारातही घडली आहे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली. दर ३७ मीटर अंतराला एक मीटर अशी त्या घाटाची चढण आहे. घाट चढून गाडी इगतपुरीला येते, तेव्हा ती समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असते. तेथून पन्नासेक किलोमीटरवर नाशिक रोड आणि त्याच्या अलीकडचे देवळाली. उंचीत फारसा फरक नाही. पाऊस मात्र इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि नाशिकला सातशेच्या आसपास! इगतपुरी आणि देवळाली यांचे नाते महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यासारखेच आहे.

देवळालीला लष्कराची छावणी वसली त्यामागे रेल्वे आणि ही कोरडी, सोसवणारी हवा ही महत्त्वाची कारणे होती. विलायतेहून आलेल्या फौजा मुंबईच्या दमटपणात न ठेवता येथे आणत आणि मुदत संपलेल्या सैनिकांना परतीच्या जहाजासाठी येथेच थांबवत. ही जहाजे साधारण ऑक्टोबर ते मार्च याच काळात सुटत. हंगाम चुकला की कित्येक महिने देवळालीतच काढावे लागत. काम नाही, घरची ओढ आणि वर उन्हाळा! यातूनच इंग्रजीत वेड लागलेल्या माणसासाठी 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला. तो देवळालीचाच अपभ्रंश. त्याच्या मूळ रूपात 'टॅप' असाही एक शब्द होता. तो म्हणजे आपला 'ताप'. हवा कितीही चांगली असली तरी सक्तीचा मुक्काम माणसाला मानवत नाही, हे त्या शब्दाने नोंदवून ठेवले आहे. पुढे याच देवळालीत पारशी व इतर मुंबईकरांनी हवापालटासाठी आरोग्यधामे आणि बंगले बांधले. ते स्वखुशीने येत, बरे होत आणि परत जात.

म्हणजे आपल्याकडे बारमाही थंडाव्याची जागा सर्वांत उंच शिखरावर नव्हती. घाटमाथ्याच्या जरा मागे होती. हवापालटाला आलेल्या पाहुण्यांना ही कोरडी बाजू सोयीची वाटली. येथे कायमचे राहणाऱ्यांना मात्र तिची किंमत मोजावी लागली. हिमालयातील बर्फ ही पर्वताने साठवलेली पाण्याची ठेव असते. ऐन उन्हाळ्यात ती वितळते आणि नद्यांना पाणी देते. सह्याद्रीजवळ अशी ठेव नाही. इगतपुरीचा तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो आणि वाहून जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी माणसाला धरणे बांधावी लागली. इगतपुरी तालुक्यातील दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. घाटाच्या ओल्या बाजूचे पाणी अडवून ते कोरड्या बाजूच्या शेतांना बारा महिने पुरवायचे, हा त्यामागचा विचार. आपल्या डोंगरांवर बर्फ नाही. त्याचे काम धरण करते.

शिक्षकांनी वर्गात एक उपक्रम करून पाहावा. इगतपुरी, नाशिक, निफाड आणि येवला येथील वार्षिक पावसाचे आकडे तहसील कार्यालयातून मिळवावेत. आडव्या अक्षावर पश्चिमेकडून पूर्वेकडे गावे आणि उभ्या अक्षावर पाऊस घेऊन आलेख काढावा. रेघ सुरुवातीलाच कशी झपकन खाली येते, ते मुलांच्या लक्षात येईल. मग त्यांना एवढेच विचारावे : या रेघेवर छावणी कुठे वसवाल, शाळा कुठे काढाल आणि धरण कुठे बांधाल?